पाण्यामागून आलेलं शेवाळ

माझ्या आजीच्या अंगणात शेवाळ नव्हतं. हे मी पाहिलेलं नाही, तिनेच सांगितलेलं सांगतो. ती लग्न होऊन बेलापुरात आली तेव्हा भंडारदऱ्याचं धरण बांधून पुरं झालेलं नव्हतं. घरापुढे मातीचं अंगण. आठ-पंधरा दिवसांनी शेणाने सारवायचं, रोज सकाळी सडा घालायचा. पाणी पडलं की माती ते पिऊन टाकायची. आमच्याकडे पाऊस तो केवढा? वर्षाकाठी वीस-बावीस इंच, तोही खंड पडत पडत. ओल चार दिवस टिकली तर पाचव्या दिवशी उन्हाने भेगा पडायच्या. अशा जमिनीवर शेवाळ धरणार कुठून?

शेवाळ बघायचं तर प्रवरेवर जावं लागे. धुण्याच्या दगडांवर, विहिरीच्या खालच्या चार पायऱ्यांवर, जनावरांच्या हौदाच्या काठावर. आजी म्हणायची, "शेवाळ दिसलं की जिवाला बरं वाटायचं बाबा. खाली पाणी हाय, असं कळायचं."

आता माझ्या मागच्या अंगणात श्रावण-भादव्यात शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून मी ओट्याला लोखंडी पाइपाचा कठडा लावला आहे. आजीला ज्याचं अप्रूप होतं त्याची मला भीती वाटते. आजी ते माझ्यापर्यंत शंभर वर्षं. या शंभर वर्षांत काय झालं, ते सांगायला बसलो आहे.

प्रवरेचा उगम रतनगडावर, अकोले तालुक्यात. अमृतवाहिनी म्हणतात तिला. पायथ्याला रतनवाडी आणि तिथे अमृतेश्वराचं जुनं देऊळ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भर आषाढ होता. देवळाचा दगड काळा आहे हे मला ऐकूनच माहीत होतं, दिसायला तर सगळं हिरवं. कोरीव काम, पुष्करणी, कुंपणाच्या भिंती, सगळ्यांवर मखमल घातल्यासारखं. तिथे पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो. नदी तीच, जिल्हा तोच, पण तिकडे दगड हिरवा आणि आमच्याकडे ढेकूळ फुटलेलं. त्या मधल्या अंतरावर सरकारने भिंत बांधली.

भंडारदऱ्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. सुमारे २७० फूट उंचीचं दगडी धरण. तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला दिलं. खाली संगमनेर तालुक्यात ओझरला बंधारा, आणि तिथून डावा-उजवा असे दोन कालवे. कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ ला टिळकनगरचा आला. पुढे १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना चालू केला. दौंड-मनमाड रेल्वे तर १८७८ पासूनच होती. तिच्यावरचं बेलापूर स्टेशन आमच्या गावापासून काही मैलांवर. त्या स्टेशनाभोवती बाजारपेठ वाढत गेली, तीच आजचं श्रीरामपूर. गाव श्रीरामपूर झालं तरी स्टेशन बेलापूरच राहिलं.

हा इतिहास सगळे सांगतात. सत्काराच्या भाषणात तर हमखास. पण पाणी आल्यावर ते जातं कुठं, हे भाषणात येत नाही. आमच्या खालच्या दोन एकरांत माझ्या लहानपणीच पांढरं मीठ फुटायला लागलं होतं. बी टाकलं तर उगवायचं नाही. दादा म्हणायचे, "जमीन चोपण झाली." वडलांना आम्ही दादा म्हणायचो. वरच्या रानातलं उसाचं पाणी खाली झिरपायचं, त्याला बाहेर पडायला चर नव्हता. ऊन पाणी वर ओढायचं आणि मीठ मागं ठेवून जायचं. हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. नीरा कालव्यावर हेच आधी झालं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे मान साहेब आणि त्यांचे सहकारी तांहाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. म्हणजे भंडारदऱ्याचं काम सुरू झालं त्याच साली! पाणी आणायचं कसं हे आपण शिकलो. पाणी काढून द्यायचं कसं, हे लिहिलेलं असून वाचलं नाही.

शेतातलं मीठ आणि अंगणातलं शेवाळ ही एकाच आईची दोन लेकरं आहेत. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने दिली.

त्याआधी १९७२ चं सांगतो. मी शाळेत होतो. त्या दुष्काळात नदीचं पात्र म्हणजे नुसती वाळू. आमच्या मळ्यातली विहीर पायऱ्यांची, जुन्या घडीव दगडाची. एरवी खालच्या पायऱ्यांवर उतरताना आई ओरडायची, "भिंतीला धरून, भिंतीला धरून." त्या वर्षी पाणी पार तळाला गेलं. पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून काळं झालं, पापडासारखं सुटायला लागलं. आम्ही पोरं ते नखाने उचकटायचो. कोणी घसरलं नाही. घसरायला ओल तर पाहिजे.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेलो, तर जो काळा पापड मेला म्हणून आम्ही उचकटत होतो तो हिरवा होऊन फुगला होता. मी घरी येऊन सांगितलं. आजी तेवढं बघायला काठी टेकत मळ्यात आली. वरच्या पायरीवर बसून तिने हात जोडले. पाण्याला की शेवाळाला, मी विचारलं नाही.

पुढे दहावीच्या पुस्तकांतून कळलं ते असं. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन-तीन जाती असतात. पायाखाली बुळबुळीत लागतं, वाळल्यावर काळं पडतं, ते एक. आणि भिंतीवर, दगडाच्या सांध्यात मखमलीसारखं उगवतं ते दुसरं. त्याला खरी मुळं नसतात, धाग्यांनी ते दगडाला धरून राहतं आणि अंगानेच पाणी पितं. दोघंही वाळून पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात. म्हणून नुसतं खरवडून शेवाळ जात नाही. चिमूटभर जरी सांध्यात राहिलं तरी पुढचा पाऊस त्याचाच.

आमच्या अंगणात फरशी आली १९७८ साली. उसाचे पैसे बरे आले होते. गावात ज्याच्या हातात पैसा आला त्याने पहिल्यांदा अंगण झाकलं. सारवणातून बायकांची सुटका झाली, हे खरंच आहे. आईचे गुडघे सारवून सारवून घट्टे पडलेले होते. फरशी शहाबादी. शहाबाद सोलापूर-वाडीच्या रेल्वेमार्गावर आहे, तिकडच्या खाणींतला तो करडा-निळसर दगड. स्टेशनाजवळच्या वखारीतून बैलगाडीने आणला. दोन खेपा झाल्या.

गवंडी म्हातारा होता. त्याने नळीत पाणी भरून लेव्हल घेतली आणि दादांना म्हणाला, "पाटील, धा फुटाला दीड इंच ढाळ देतो. पाणी परसाकडं काढून देऊ."

दादा म्हणाले, "नको. धान्य वाळत घालायचंय, लग्नकार्यात पंगत बसवायचीय. सपाट कर."

"सपाट केल्याव पाणी बसंल की."

"बसू दे. वाळंल."

गवंड्याने मान हलवली आणि सपाट केली. त्याने गोटी सोडून दाखवली. गोटी जिथं ठेवली तिथंच राहिली. दादा खूश झाले. आम्हीही.

पुढची सोळा-सतरा वर्षं दरसाल गौरी-गणपतीच्या आधी घरात एक काम ठरलेलं. शेवाळ काढायचं. आधी मोटर आली, मग नळ आला, मग अंगणातच धुणंभांडी सुरू झाली. मातीचं अंगण पाणी प्यायचं, फरशी पिईना. उत्तरेची बाजू, वरून शेवग्याची सावली, आणि पाणी थबकलेलं. शेवाळाला याहून चांगलं घर कुठं मिळणार? दादा विटकरीचा तुकडा घेऊन घासायचे. आई चुलीची राख आणि नदीची बारीक वाळू टाकून काथ्याने घासायची. मी मागून खराट्याने पाणी ओढायचो. अर्धा दिवस जायचा. पितृपक्ष सरेपर्यंत पुन्हा हिरवं. पण ते घासणं निरुपद्रवी होतं, एवढं लक्षात ठेवा. राखेने आणि काथ्याने दगडाला ओरखडा पडत नव्हता.

१९९६ साली दादा नव्हते. घासायला मला वेळ नव्हता, म्हणजे कंटाळा होता. कोणीतरी म्हणालं, संडास धुवायचं ॲसिड ओत, मिनिटात साफ. मी दोन बाटल्या आणल्या. ओतल्याबरोबर फरशीवर पांढरा फेस आला, धूर निघाला, नाका-डोळ्यांत गेला. मग पाणी मारलं. काय फरशी दिसली! नव्यासारखी. मी आईला बोलावून दाखवली.

तो फेस काय होता, हे मी दहावीत शिकलो होतो. चुनखडीवर ॲसिड टाकलं की वायू निघतो, तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. परीक्षेत हाच प्रश्न मी बरोबर लिहिला होता. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. तो फेस शेवाळाचा नव्हता, माझ्या अंगणाचा होता. दगडाचा गुळगुळीत पापुद्रा ॲसिडने खाल्ला, सांध्यातला माल खाल्ला, आणि फरशी बारीक छिद्रांची झाली. पुस्तकातली चुनखडी आणि घरातली फरशी एकच, हे ज्याला सुचत नाही त्याचं शिक्षण दहावी काय आणि बी.ए. काय, सारखंच.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. त्या छिद्रांत धूळ बसली, धुळीत ओल बसली, आणि ओलीत शेवाळ. पहिल्यापेक्षा दाट. पूर्वी ते फरशीच्या वर असायचं, आता फरशीत गेलं. पुढच्या भादव्यात, गौरी यायच्या दिवशी पहाटे, आई पाण्याची कळशी घेऊन निघाली आणि नळापासून चार पावलांवर पडली. आवाज कळशीचा आला, तिचा नाही. उजवा खुबा मोडला होता.

ऑपरेशन झालं. उसाचा पहिला हप्ता त्यात गेला, त्याचं काही नाही. पण आई त्यानंतर काठीशिवाय चालली नाही. मळ्यात तर पुन्हा आलीच नाही. २००७ साली ती गेली, तोवर तिचं जग म्हणजे ओटा आणि ते अंगण. तिने मला कधी बोल लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझाच पाय घसरला." ॲसिडचं मी तिला सांगितलं होतं. तरी ती तेच म्हणायची.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी चवताळल्यासारखा शेवाळाच्या मागे लागलो. आमच्याकडे डाळिंबवाल्यांच्या घरात मोरचूद असतोच. मोरचूद आणि चुना मिळून बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली ते द्राक्षांच्या रोगावर चांगलं चालतं हे दाखवलं, म्हणून ते नाव. आपले शेतकरी एक टक्क्याचं करतात, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. मी चुना न घालता नुसत्या मोरचुदाचं पाणी फरशीवर ओतलं. शेवाळ आठवड्यात मेलं, हे कबूल. पण ते पाणी वाहत जाऊन जमिनीतल्या हौदात उतरलं. हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी मासे होते. सकाळी सगळे उताणे. तांबं मातीत गेलं की सहजासहजी निघत नाही, माशांना आणि गांडुळांना ते विषच. हौद उपसला, घासला, आणि मोरचुदाची पिशवी परत रानात नेऊन ठेवली.

शेवटी मी त्या म्हाताऱ्या गवंड्याच्या पोराला बोलावलं. म्हातारा वारला होता. पोराने अंगणात तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी हललं नाही. तो म्हणाला, "भाऊ, औषिध शेवाळावर नगं, पाण्यावर करा." सगळी फरशी उचकटली. खाली मुरूम भरून दहा फुटाला दीड इंच ढाळ दिला. ज्या फरश्या ॲसिडने खाल्ल्या होत्या त्या उलट्या करून बसवल्या, त्यांचं खालचं अंग शाबूत होतं. परसाच्या बाजूला नाली काढून केळीच्या आळ्यात सोडली. शेवग्याच्या दोन फांद्या उतरवल्या, म्हणजे दुपारचं ऊन फरशीवर यायला लागलं. धुण्याचा दगड केळीजवळ नेला.

दोन दिवसांचं काम. बाप त्या दिवशी म्हणाला तसंच केलं असतं तर १९७८ सालीच झालं असतं.

२००० साली सरकारने संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, गावात गेले की आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. अभियानात आम्हीही गल्ल्या झाडल्या, सार्वजनिक विहिरीचा कठडा घासला. ब्लीचिंग पावडर भुरभुरली की शेवाळ पांढरं पडायचं, लोक टाळ्या वाजवायचे. ब्लीचिंगने ते मरतं, यात खोटं नाही. पण त्यात कधी ॲसिड मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू निघतो, कोंदट मोरीत माणूस मरू शकतो. आणि तेव्हाही मी म्हणत होतो, आधी पाणी कुठं बसतं ते बघा. ऐकून घेतलं लोकांनी. पुढे गल्लीत काँक्रीट झालं, त्यावर आणखी काँक्रीट झालं, रस्ते उंबऱ्यांच्या वर गेले. आता पाऊस पडला की पाणी लोकांच्या अंगणात येऊन बसतं आणि दारोदारी शेवाळ. मग गाड्या धुवायचा पंप आणतात. जोराच्या पाण्याने शेवाळ निघतं तसा सांध्यातला चुना-सिमेंटही निघतो, आणि त्या फटीत पुढच्या वर्षी बेणं तयार.

जुन्या देवळांच्या दगडांची काळजी घेणारे लोक काय करतात, याची मी नंतर चौकशी केली. भारतीय पुरातत्त्व खात्यात १९१७ पासून रसायनांची वेगळी शाखा आहे. दगडावरचं शेवाळ काढायला ते अमोनियाचं पातळ पाणी आणि मऊ ब्रश वापरतात. एवढ्या शिकलेल्या लोकांचं शेवटचं हत्यार मऊ ब्रश! आईचा काथ्या काही वेगळा नव्हता.

आज मी करतो ते एवढंच. मृग लागायच्या आधी, फरशी कोरडी असताना, वाळलेलं शेवाळ खराट्याने आणि लाकडी फळीने काढतो. कोरडं असताना ते पापडासारखं सुटतं, ओलं झालं की चिकटतं. ही गोष्ट मला बहात्तरच्या दुष्काळाने शिकवली होती, वापरायला पंचवीस वर्षं लागली. निघालेला कचरा गोळा करून उकिरड्यावर टाकतो, नालीत ढकलत नाही. सांधे फुटले असतील तर भरून घेतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा राख टाकून काथ्याने घासतो आणि पाणी ओढून टाकतो. तरी कोपऱ्यात थोडं येतंच. तिथं कोणी जात नाही.

चोपण झालेल्या दोन एकरांतही मी त्यानंतर चर काढला. खोल, पार ओढ्यापर्यंत. तीन-चार पावसाळ्यांनी मीठ उतरलं. आता तिथं गहू येतो, भारी नाही, पण येतो. अंगण नीट केलं नसतं तर मला चर सुचला नसता.

माझी धाकटी बहीण संगमनेर तालुक्यात जिरायत गावात दिली आहे. तिच्या गावाने चाळीस-पन्नास वर्षं निळवंड्याच्या पाण्याची वाट पाहिली. २०२३ साली निळवंड्याच्या डाव्या कालव्यात पाणी सुटलं, लोक हळद-कुंकू घेऊन कालव्यावर गेले. तीही गेली होती. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. आवाजात आनंद होता. म्हणाली, "भाऊ, विहीर तुडुंब हाय. अंगणात पण शेवाळ आलंय बघ, आजी सांगायची तसं."

मी आधी म्हणालो, लई चांगलं झालं. मग विचारलं, "अंगणात फरशी केली का?"

"औंदा केली. एकदम सपाट."

मी म्हणालो, "एक तांब्या पाणी ओत आन कुठं जातं ते बघ. फोन चालू ठेव."